बाळाबाईची जागा

१

लोकांचे श्वास कापायचे, हा विपुलचा धंदा. ऐकायला भयंकर वाटतं खरं, पण पोट भरण्याचा अगदी सरळमार्गी उद्योग आहे तो. ऑडिओबुकं असतात ना, कुणीतरी छान आवाजात वाचलेली? ती मुळात अशी गुळगुळीत नसतात. वाचणारा मध्येच धाप टाकतो, आवंढा गिळतो, ‘सॉरी सॉरी, परत घेतो’ म्हणतो. ते सगळं शोधून उडवायचं आणि दोन टोकं अशी जोडायची, की ऐकणाऱ्याला शिवण कळता कामा नये. खारघरच्या फ्लॅटमधल्या धाकट्या बेडरूमच्या भिंतींना गाद्या-गोधड्या लावून त्याने आपला स्टुडिओ केला होता आणि दिवसभर तिथे बसून तो हेच करायचा. बायको, स्मिता, म्हणायची, “तुझ्यासमोर जांभई द्यायची पण चोरी. एक दिवस मलाही कापशील तू.”

सवय इतकी अंगात मुरली होती, की कुठे रिकामी जागा दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. फोनवर समोरचा घटकाभर गप्प बसला, तरी याला वाटायचं, हे उडवलं पाहिजे.

त्या खोलीत आज त्याची आई बसली होती. सखूबाई. जुईनगर स्टेशनच्या पलीकडच्या जुन्या गावातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची, तेव्हा कुठे लग्न लागल्यासारखं होतं. सखूबाईने आजूबाजूच्या गावांतल्या कित्येक पोरी अशा गाऊन सासरी धाडल्या होत्या. सगळं तोंडपाठ. आणि आता तिच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल. बाई जगतील, पण पुन्हा बोलणार नाहीत. ऑपरेशन येत्या सोमवारी.

“गला जातंय तर जाऊं दे,” सखूबाई म्हणाली होती, “पर मनस्वीच्या लग्नान माजाच धवला लागला पायजे. तुज्या त्या मशीनीन मना भरून ठेव.”

मनस्वी म्हणजे विपुलची लेक. आहे आता पाचवीत, लग्नाला अवकाश आहे. पण म्हातारीचा जीव त्यात अडकला होता, आणि खरं सांगायचं तर विपुलचाही. ज्या आवाजाने आपल्याला झोपवलं, उठवलं, शिव्या घातल्या, तो सोमवारनंतर जगात कुठेच नसणार, या विचाराने तो रात्री उठून बसायचा. म्हणून त्याने आपलं सगळ्यात भारी यंत्र लावलं, सेटिंग होती तेवढी वर चढवली आणि आईसमोर माइक धरला.

सखूबाईने डोळे मिटले आणि सुरू केलं.

“खारीचे बांधाव कोन गो उभी...”

आणि थांबली. चांगली लांबलचक थांबली. मग पुढची ओळ.

“हलदीचे हातान नवरीची मावशी...”

पुन्हा थांबली. दोन-चार ओळी झाल्यावर विपुलला राहवेना.

“आये, मदी मदी थांबतस कशाला? दम लागतंय का?”

“दम नाय रं. ती बालाबायची जागा हाय.”

बाळाबाई म्हणजे सखूबाईची जोडीदारीण. सखूने ओळ सोडायची आणि बाळाबाईने तीच ओळ मागून झेलायची, असं दोघींचं उभं आयुष्य गेलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाळाबाई गेली.

“पर ती नाय ना आता, आये.”

“नसली म्हनून काय झाला? जागा तिचीच.” सखूबाईने डोळे उघडून लेकाकडे बघितलं. “ती कापू नको हां, विपुल. तुजा कापाकापीचा धंदा, म्हनून सांगतंय.”

“नाय कापत,” विपुल म्हणाला.

२

ओळीचं टोक नेमकं कुठे संपतं, हे साध्या चालीत ऐकून कळत नाही. तिथे स्पीड कमी करावा लागतो. विपुलच्या टेबलावर एक फिरती चकती होती. ती हळूहळू मागेपुढे फिरवली की आवाजही तसाच हळूहळू मागेपुढे सरकायचा. अर्धा स्पीड, मग पाव. पाव स्पीडला बाईचा आवाज रेड्यासारखा जाड होतो, एक अक्षर संपता संपत नाही, आणि शब्द सरून श्वास सुरू होतो ती फट चांगली दारासारखी उघडी पडते. तिथे सुरी लावायची. हे काम तो डोळे मिटून करत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखूबाई जेवून हॉलमध्ये आडवी झाली होती. स्मिता कामोठ्याला तिच्या शाळेत शिकवायला गेली होती. खाली भंगारवाला ओरडत होता, समोरच्या इमारतीत ड्रिल चालू होतं. विपुलने दार लावून घेतलं, हेडफोन चढवले आणि पहिली ओळ पाव स्पीडला लावली. आईचा आवाज खाली खाली घसरत ओळीच्या टोकाला आला आणि विरला. मग बाळाबाईची जागा सुरू झाली. तिथे खोलीची नुसती हुंकारल्यासारखी शांतता असायला हवी होती.

तिथे एक बाई गात होती.

विपुलने चकती थांबवली. मागे घेतली. परत सोडली. स्वच्छ, बाईचा आवाज. थोडा लांबून, पण शब्द न् शब्द कळत होता. त्याला पहिल्यांदा वाटलं, हात्तिच्या, आईचंच आधीचं रेकॉर्डिंग खाली राहिलंय. त्याने खालचे सगळे ट्रॅक तपासले. कोरे. रेकॉर्डरमधली मूळ फाइल काढली. तिच्यातही तेच. नेहमीच्या स्पीडला लावून ऐकलं, तर जागा अगदी रिकामी.

मग त्याने स्वतःला समजावलं, की हे साधं शास्त्र आहे. माणसाच्या कानाला न ऐकू येणारे बारीक आवाजही हे यंत्र टिपतं, आणि स्पीड उतरवला की ते खाली येऊन ऐकू लागतात. मोबाइलच्या चार्जरची शिटी येते, वटवाघळांचं चिवचिवणं येतं. तसलंच काहीतरी असणार. मान डोलावून त्याने चहाचा कप उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

कारण पाव स्पीडला सगळंच मंद व्हायला हवं होतं. आई झाली होती, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही चांगली लांबली होती. ही बाई मात्र तिच्या रोजच्या चालीत गात होती. मोकळ्या गळ्याने, घाईगडबड न करता. म्हणजे प्रत्यक्षात, त्या खोलीत, आई गप्प बसलेली असताना, तिने ती ओळ चौपट वेगाने आणि कुठल्याही माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या वर गायली होती.

आणि ती झेलत नव्हती. झेलणारीने मागची ओळ परत म्हणायची असते, हे विपुलला लहानपणापासून माहीत होतं. ही पुढची ओळ म्हणत होती. जी आई अजून म्हणायची होती, ती.

३

संध्याकाळी स्मिता आल्या आल्या त्याने तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. तिला ऐकू येऊ नये, असंच त्याला मनातून वाटत होतं. म्हणजे आपल्याच डोक्याला शॉट लागलाय म्हणून सोडून देता आलं असतं.

“येतोय की आवाज,” स्मिता म्हणाली. “आईंचाच असणार. इको-बिको.”

“इको आधी येतो का? बोलायच्या आधी?”

“मला काय विचारतोस? तू इंजिनिअर.” तिने हेडफोन काढले, पण जरा घाईनेच काढले. “बंद कर ते. आईंना नको सांगूस. आधीच ऑपरेशनचं टेन्शन आहे त्यांना.”

पण विपुलने विचारलंच. त्याच्या पोटात गोष्ट राहायची नाही. आईच्या ताटात भाकरी वाढता वाढता त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

“आये, पुरची ओळ तुना कशी आठवते गं?”

सखूबाई हसली. “मना कुठं आठवते? मना तर कवाचा काय आठवत नाय. ती सांगते, मी बोलतंय.”

“ऐकू येते तुना ती?”

“ऐकू नाय येत,” सखूबाई म्हणाली, “पर येते.” आणि भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला.

विपुलचं जेवणावरून मन उडालं. आता बघा, एवढ्यावर शहाण्या माणसाने हात जोडून गप्प बसायचं. पण भीती वाटली की माणूस आपल्या हाताला जे येतं तेच करतो, आणि विपुलच्या हाताला एकच गोष्ट येत होती. सकाळी त्याने दार लावलं आणि बाळाबाईची एकेक जागा कापायला सुरुवात केली. त्याला आपल्या आईचा आवाज हवा होता. आईचा, आणखी कुणाचा नाही. मनस्वीच्या लग्नात कोण कुठली गेलेली बाई कशाला हवी?

“आईंनी नको म्हटलंय ना?” स्मिता दारातून म्हणाली. ती शाळेला निघाली होती.

“तिला कुठे कळतंय?”

“तुझं तू बघ बाबा.”

पाव स्पीडला फट शोधायची, सुरी लावायची, टोकं जोडायची. प्रत्येक कापाआधी तो आवाज कानात यायचा आणि कापला की नाहीसा व्हायचा. संपल्यावर त्याने फाइल पहिल्यापासून लावली. आई न थांबता, न अडखळता गात होती. तासाभराचं गाणं बरंच आखूड झालं होतं, पण शिवण कुठे म्हणून कळत नव्हती. त्याला हायसं वाटलं. आपण छान काम केलं, असंसुद्धा वाटलं.

४

अजून पाठवणीचे धवले राहिले होते. शुक्रवारी दुपारी त्याने आईला पुन्हा माइकसमोर बसवलं. सखूबाईने पदर सारखा केला, डोळे मिटले.

“मांडवाचे दारान पान्याची घागर...”

आणि थांबली.

विपुल वाट बघत राहिला. यंत्रावरची हिरवी रेघ सपाट सरकत होती. समोरच्या इमारतीतलं ड्रिल थांबलं, पुन्हा सुरू झालं. सखूबाई डोळे मिटूनच बसली होती. तिच्या कपाळावर आठी पडली. तिने मान थोडी तिरकी केली, भिंतीपलीकडचं ऐकताना करतो तशी. मग पुन्हा तीच ओळ म्हटली आणि पुन्हा थांबली.

“आये?”

“थांब जरा.”

बराच वेळ गेला. शेवटी तिने डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत विपुलने लहानपणापासून कधी पाहिली नव्हती अशी भीती होती.

“ती नाय आयली,” ती म्हणाली.

“आठवून बघ ना. कवापासून गातस तू.”

“मना एक अक्षर आठवत नाय, विपुल. सगला कोरा झायलाय.” मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. “तू तिची जागा कापलीस का?”

विपुल हेडफोनची वायर गुंडाळू लागला. “नाय गं,” तो म्हणाला.

आईशी खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं, आणि सखूबाईला ते कळत नाही असं कधी झालं नव्हतं. पण ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदर तोंडाला लावला आणि घोगऱ्या, आधीच अर्ध्या गेलेल्या आवाजात म्हणाली, “गला जातंय, त्याचा मना वाईट नाय वाटला. पर ती मना सोडून गेली. आता मी सोमवारी एकटी कशी जाव?”

विपुलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर सखूबाई गायली तर नाहीच, बोललीही नाही. चहा पुढे केला तरी मानेनेच नको म्हणायची. स्मिता म्हणाली, “अरे, त्यांचा आवाज आहे तोवर दोन शब्द तरी बोलून घेऊ दे मनस्वीला.” पण मनस्वी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून नुसतीच पडली आणि आजी नुसतीच तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

५

शनिवारी सकाळी विपुल कामाला लागला. कापलेले तुकडे त्याने फेकले नव्हते. धंद्याची शिस्तच आहे तशी, कापलेली शांतता जपून ठेवायची, कुठे ठिगळ लावायला उपयोगी पडते. त्याने एकेक तुकडा उचलून जिथला तिथे बसवला. सगळं होतं तसं झालं. मग पहिली जागा पाव स्पीडला लावली.

काही नाही. निव्वळ शांतता.

दुसरी जागा. तिसरी. सगळ्या रिकाम्या. गंमत बघा, दोन दिवसांपूर्वी जो आवाज ऐकून याची पाचावर धारण बसली होती, तोच आता ऐकू येत नाही म्हणून याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने चकती आणखी हळू फिरवली. पावाचं निम्मं केलं. त्याचंही निम्मं. इतक्या खाली खरं तर खरखरीशिवाय काही उरत नाही, हे तो कुणालाही पैजेवर सांगू शकला असता. आईचा आवाज केव्हाच जमिनीच्या घरघरीसारखा होऊन गेला होता. भिंतीवरच्या गोधड्यांनी बाहेरचं जग पार गिळलं होतं, आणि त्या खोलीत आपलाच श्वास त्याला फार मोठा वाटू लागला.

आणि मग लक्षात आलं की श्वास दोन आहेत.

त्याने स्वतःचा रोखून धरला. हेडफोनमध्ये दुसरा चालूच होता. अगदी लांब. आत, बाहेर, आत. विपुलने आयुष्यात हजारो श्वास कापले होते. वाचायच्या आधीचा श्वास वेगळा असतो, वाचून दमल्यावरचा वेगळा. हा गायला निघालेल्या बाईचा श्वास नव्हता. समोरच्याने आता बोलावं म्हणून आपण थांबतो, तेव्हा जो घेतो, तो होता. तिथे कुणीतरी थांबलं होतं. कशासाठी, ते त्याला लगेच कळलं. ओळ आता त्याने म्हणायची होती.

पुरुषाने धवला गायचा नसतो. लहानपणी गमतीने एक ओळ म्हटली होती, तर बाळाबाईनेच टपली मारली होती. पण सोमवार परवावर आला होता आणि बाहेर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. विपुलने माइक जवळ ओढला. मनातल्या मनात त्याची कारणंही तयार होती. आईला काय, नुसता इशारा हवाय. मानसिक असतं ते. जागा भरली आहे असं तिला वाटलं, की सुचेल आपोआप.

“मांडवाचे दारान पान्याची घागर,” तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला खोलीत भलताच वाटला.

मग त्याने ती ओळ निवडली आणि चकती उलटी फिरवली. दुप्पट, तिप्पट, चौपट. आवाज चिवचिवला, किणकिणला, डासासारखा झाला, आणि मग ऐकू येईनासा झाला. पडद्यावर ओळीचा एक केसाएवढा ठिपका उरला. तो त्याने आईच्या ओळीमागच्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवला.

६

“आये, एकदा शेवटचा बस माझ्यासाठी,” तो म्हणाला. सखूबाई बसली. लेकासाठीच बसली, मन नव्हतं. तिने ओळ म्हटली, “मांडवाचे दारान पान्याची घागर,” आणि थांबली. विपुलने बटण दाबून तो ठिपका स्पीकरवर सोडला.

काहीच ऐकू आलं नाही. स्पीकरला हात लावला, तर तो हलतोय की नाही हेही कळेना. खालच्या मजल्यावरचा कुत्रा तेवढा एकदम भुंकायला लागला.

सखूबाईने मान वर केली. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“आयली,” ती म्हणाली. आणि गाऊ लागली.

काय गायली! घशातल्या गाठीचा मागमूस नाही. विपुलने बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला होता, तरी ती दर ओळीनंतर थांबत होती, ऐकत होती, आणि पुढची ओळ उचलत होती. गाण्यात नवरीने उंबरा ओलांडला, आईने तोंड फिरवलं, बापाने बैलगाडीचा कासरा सोडला. विपुलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही भान नव्हतं. मिळाला. आईचा आवाज मिळाला, सगळाच्या सगळा.

मध्ये एकदा पाणी प्यायला थांबली, तेव्हा ती म्हणाली, “आज गला जारा, घोगरा येतंय तिचा. सरदी झायली का काय.”

“कोनाचा?”

“बालाबायचा. कोनाचा म्हनजे?” आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. विपुल बोलत होता आणि तो माणूस “हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय तुमचा” म्हणत होता. खारघरला नेटवर्कची बोंब नेहमीचीच. सोमवारी हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईनेही दोनदा “जरा मोठ्याने बोला” म्हणून सांगितलं. तिथे गर्दीही तशीच होती.

ऑपरेशनला नेताना सखूबाईने लेकाचा हात घट्ट धरला. “आता घाबरत नाय मी,” ती म्हणाली. तिचे ते शेवटचे शब्द. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

७

घरी आणल्यावर सखूबाई हॉलमध्ये सोफ्यावर बसून असायची. गळ्यात नळी, नळीवर पातळ फडकं, समोर मनस्वीने दिलेली पाटी. पाटीवर ती काही लिहायची नाही. खिडकीतून दुपारच्या उन्हात मेट्रो जाताना दिसायची, ती बघायची. डॉक्टर खूश होते. आठवडाभर विपुल हॉस्पिटल आणि घर यांतच होता, आणि एवढं दमल्यावर माणूस काय बोलणार? स्मिताही म्हणाली, “गप्प गप्प झालायस हल्ली.” त्याला वाटलं होतं, आपण तर बोलतोय.

त्या दुपारी आई डोळे मिटून बसलेली पाहून तो स्टुडिओत गेला. पाठवणीच्या धवल्यांची फाइल अजून उघडली नव्हती. तिची टोकं तेवढी साफ करायची होती, बाकी कशालाही हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. ओळीचं टोक शोधायला त्याने पाव स्पीड लावला. आई खाली घसरत गेली, विरली, आणि जागा सुरू झाली.

जागेत पुरुष गात होता.

पाव स्पीडला, सगळं जग मंदावलेलं असताना, तो आपल्या रोजच्या चालीत गात होता. घागरीची ओळ, उंबऱ्याची ओळ, कासऱ्याची ओळ. आईच्या आधी, प्रत्येक ओळ. विपुलला त्यातली एकही येत नव्हती. त्याने एकच ओळ म्हटली होती, एकदाच. पण स्वतःचा आवाज काय माणूस ओळखत नाही? आणि त्याच्याही मागे, दोन ओळींच्या मधल्या फटीत, एक बाई निवांत श्वास घेत होती. काम उरकल्यावर पाय पसरून बसलेल्या बाईसारखी.

त्याने हेडफोन ओरबाडून काढले. “स्मिता!”

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज चालू होता. तो थांबला नाही.

विपुल पळत स्वयंपाकघराच्या दारात गेला. “स्मिता, ती फाइल... स्मिता, माझा आवाज आहे त्यात!” घसा दुखेल इतक्या जोरात तो ओरडला. छातीत थरथर जाणवली. स्मिता पोळी लाटत राहिली. मग सावली पडली म्हणून तिने वर बघितलं आणि दचकली.

“अगं आई गं! केवढी घाबरले. असा काय उभा आहेस मुक्याने?”

तो बोलला.

“ओठ काय नुसते हलवतोस?” तिच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यातच राहिलं. “विपुल, गंमत पुरे हं. विपुल?”

खालच्या मजल्यावर कुत्रा भुंकायला लागला. आणि हॉलमध्ये, सोफ्यावर, इतका वेळ खिडकीकडे तोंड करून बसलेल्या सखूबाईने मान वळवली. सरळ त्याच्याकडे. तिचा चेहरा उजळला. तिने हात उचलून सोफ्यावर आपल्या शेजारची जागा थोपटली.

स्मिताने पिठाच्या हातांनीच त्याचे खांदे धरले होते. “काय होतंय तुला? सांग ना! बोल ना काहीतरी!” ती रडकुंडीला येऊन पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि विपुल तिला सांगत होता, अगदी पहिल्यापासून, काहीही न गाळता सगळं सांगत होता. आई तेवढी ऐकत होती आणि मान डोलावत होती.